बूट बॅगेतच राहतात, त्याबद्दल

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून येथे देत आहे.

“माझे वय 46 आहे. यंत्रे बसवून देणे आणि त्यांची देखभाल करणे हे आमच्या कंपनीचे काम असल्यामुळे मला महिन्यातले सरासरी बारा दिवस घराबाहेर काढावे लागतात. विमान, रेल्वे, मोटार असा सगळ्याच तऱ्हेचा प्रवास होतो. घरी असताना माझे खाणेपिणे वेळेवर असते आणि आठवड्यातून तीन दिवस मी व्यायामशाळेतही जाते. दौऱ्यावर निघाले की मात्र सगळी घडी विस्कटते. गेल्या दोन वर्षांत वजन 67 किलोवरून 74 वर गेले आणि परवाच्या तपासणीत एचबीए1सी (रक्तातल्या साखरेचे सुमारे तीन महिन्यांचे सरासरी माप) 5.9 टक्के आले, ‘काठावर आहात’, असे डॉक्टर म्हणाले. औषध अजून सुरू केलेले नाही. प्रत्येक दौऱ्यात मी व्यायामाचे बूट बॅगेत घालून नेते आणि तसेच परत आणते. एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून प्रवासाच्या दिवशी उपाशी राहण्याचा प्रयोगही करून पाहिला. पण रात्री ग्राहकांबरोबर जेवायला बसले की दिवसभराची भरपाई होते. नोकरी बदलणे शक्य नाही. मी काय करावे? ता. क. – छोटा वजनकाटा सोबत नेण्याचा विचार आहे. न्यावा का?”

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेला आहात. महिन्यातले बारा दिवस म्हणजे दोन वर्षांचे जवळपास 290 दिवस होतात. साडेनऊ महिने तुम्ही घराबाहेर जेवला आहात, घराबाहेर झोपला आहात. तरीही पत्रभर तुम्ही घरच्या दिवसांना खरे आयुष्य आणि दौऱ्याच्या दिवसांना अपवाद मानता, आणि अपवादाला नियम लागू नसतात या न्यायाने ते दिवस सोडून देता. माझ्या मते सगळी अडचण येथे आहे. घरची दिनचर्या बॅगेत भरून नेण्याचा प्रयत्न तुम्ही दोन वर्षे केलात आणि ती बुटांबरोबर बॅगेतच राहिली. आता दौऱ्यासाठी म्हणून एक वेगळी दिनचर्या बसवा. ती घरच्यापेक्षा लहान आणि सैल असू द्या, पण ती रोज पाळता येईल अशी असू द्या.

आधी आकड्यांबद्दल, कारण ‘काठावर’ हा शब्द ऐकून माणसे एकतर घाबरतात किंवा अजिबात मनावर घेत नाहीत. एचबीए1सी 5.7 ते 6.4 या पट्ट्यात असेल तर त्या स्थितीला पूर्वमधुमेह म्हणतात, 6.5 पासून पुढे मधुमेह धरला जातो. म्हणजे तुम्ही पट्ट्याच्या अलीकडच्या टोकाला आहात. या पट्ट्यातून मागे फिरता येते की नाही, याचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत झाला आणि त्याचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले. मधुमेहाचा धोका असलेल्या 3,234 लोकांपैकी ज्यांना वजन सात टक्क्यांनी उतरवण्याचे आणि आठवड्याला 150 मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम करण्याचे उद्दिष्ट दिले होते, त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण नुसती निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा 58 टक्क्यांनी कमी आढळले. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध घेणाऱ्या गटात ही घट 31 टक्के होती. तुमच्या बाबतीत सात टक्के म्हणजे सुमारे पाच किलो. दोन वर्षांत चढलेले सातही किलो पुढच्या महिन्यात उतरलेच पाहिजेत, असा हट्ट धरण्याचे कारण नाही.

आता उपाशी राहण्याच्या प्रयोगाकडे वळतो. ठरावीक वेळ न खाण्याची पद्धत मुळातच वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. काहींना ती मानवते. पण तुमच्या प्रवासाच्या दिवसाचे चित्र डोळ्यांसमोर आणा. पहाटेचे विमान किंवा गाडी गाठण्यासाठी तुम्ही तीन-चार तासांच्या झोपेवर उठता, दिवसभर पोटात चहा-कॉफीशिवाय काही जात नाही आणि रात्री साडेनऊच्या सुमारास, दिवसातले सर्वांत तुपट-तेलकट आणि सर्वांत मोठे जेवण समोर येते. त्या वेळी हात आवरण्याची अपेक्षा स्वतःकडून करणे हा तुमच्यावरच अन्याय आहे. शिकागो विद्यापीठात 2004 साली बारा निरोगी तरुणांवर एक प्रयोग झाला. दोन रात्री फक्त चार तास झोपू दिल्यावर, दहा तास झोपू दिलेल्या दोन रात्रींच्या तुलनेत, पोट भरल्याची सूचना देणारे लेप्टिन हे संप्रेरक 18 टक्क्यांनी कमी झाले आणि भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक 28 टक्क्यांनी वाढले. आणि ओढ वाढली ती मुख्यतः गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. बाराच जण होते आणि सगळे पुरुष होते, तेव्हा या टक्केवारीला फार चिकटून बसू नये. पण अर्धवट झोपेनंतरच्या दिवशी पालेभाजीची आठवण कोणालाच येत नाही, हा अनुभव तुम्हालाही असेल. त्यात शरीराची साखर हाताळण्याची क्षमता सकाळपेक्षा रात्री मंदावलेली असते. सारांश, तुम्ही वाचवलेले जेवण स्वस्तातले होते आणि त्याच्या बदल्यात घेतलेले जेवण महाग पडले.

म्हणून प्रवासाच्या दिवशी न्याहारी आणि दुपारचे काहीतरी साधे खाणे चुकवू नका, आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास एक छोटे खाणे नियम म्हणून ठेवा. एक फळ आणि मूठभर दाणे, किंवा वाटीभर साधे दही, इतकेही पुरेल. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या फिरतीच्या माणसांना मी एकच बदल सांगायचा झाला तर हाच सांगतो, कारण रात्रीच्या जेवणाचा प्रश्न रात्री सुटत नाही, तो संध्याकाळीच सोडवावा लागतो.

न्याहारी हे दौऱ्यातले एकमेव जेवण असे आहे की ज्यावर पूर्ण ताबा तुमचा असतो. ग्राहक नसतात, आग्रह नसतो, वेळही बऱ्यापैकी तुमच्या हातात असते. धोका असतो तो मांडलेल्या पदार्थांच्या संख्येचा. आहारसंशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली दाखवून दिले की एकाच सारणाची सँडविचे देण्याऐवजी चार वेगवेगळ्या सारणांची दिली तर लोक सुमारे एक तृतीयांश जास्त खातात. एका चवीचा कंटाळा येतो, पोट तिथे थांबायला तयार असते, पण नवी चव समोर आली की जीभ पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते. हॉटेलातल्या न्याहारीच्या टेबलावर चार नव्हे, चाळीस चवी असतात. तेव्हा आधी रिकाम्या हाताने एक फेरी मारा, काय काय आहे ते पाहा, मग ताटली घेऊन तीन पदार्थ निवडा आणि दुसऱ्यांदा उठू नका. त्या तिनांत एक प्रथिनांचा असावा (अंडी, साधे दही, पनीर, कडधान्याचा एखादा पदार्थ), एक फळ किंवा भाजी असावी आणि एक धान्याचा असावा, शक्यतो कोंड्यासकट असलेल्या धान्याचा. भाजी व प्रथिने आधी आणि पिष्टमय पदार्थ शेवटी, या क्रमाने खाल्ले तर जेवणानंतर रक्तातली साखर कमी उसळते, असे काही लहान प्रयोगांत दिसले आहे. क्रम बदलायला काहीच पडत नाही, म्हणून सांगतो.

फळांचा रस मात्र टाळा, आणि तो ‘ताजा’ आहे म्हणून सूट देऊ नका. जागतिक आरोग्य संघटना ज्या मुक्त साखरेवर मर्यादा घालते, तीत वरून घातलेल्या साखरेइतकाच फळांच्या रसातल्या साखरेचाही समावेश होतो. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी, ही ती मर्यादा. 2,000 कॅलरींच्या आहारात ती सुमारे 50 ग्रॅम भरते. संत्र्याच्या रसाच्या एका मोठ्या पेल्यात त्यातले 20 ग्रॅम तरी संपतात. तेच संत्रे सोलून खाल्ले तर चोथ्यासकट जाते आणि तीन-चार संत्री एका बैठकीत कोणी खात नाही.

बॅगेत काय ठेवावे, याचा बाऊ करू नये. तुम्हाला स्वयंपाकघर हलवायचे नाही. स्थानकावर किंवा विमानतळावर भूक लागली असता समोरच्या तळलेल्या पदार्थाकडे जाण्याआधी हाताशी काहीतरी असावे, इतकाच हेतू आहे. भाजलेले, मीठ न लावलेले दाणे किंवा बदाम यांच्या लहान लहान पुड्या करून ठेवाव्यात, प्रत्येकी सुमारे 30 ग्रॅमच्या. पुडीच करायची, डबा भरायचा नाही. कारण 30 ग्रॅम दाण्यांत 170-180 कॅलरी असतात आणि डब्यातून खाताना मोजमाप राहत नाही. सफरचंदासारखे न चेंगरणारे एखादे फळ ठेवावे. घरून शिजवलेले अन्न नेत असाल तर 5 ते 60 अंश सेल्सिअस या तापमानाच्या टप्प्यात जंतू झपाट्याने वाढतात हे लक्षात ठेवून ते दोन तासांच्या आत, आणि कडक उन्हाळ्यात तासाभरात, खाऊन संपवावे. उकडलेले अंडे प्रवासाला उत्तम, पण सकाळी उकडलेले अंडे संध्याकाळी पर्समधून काढून खाऊ नये. दही आणि दाण्यांचे लोणी यांना बऱ्याच विमानतळांवर द्रवपदार्थाचे नियम लागतात आणि शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बरणी तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. परदेशात उतरताना ताजी फळे आणि मांस नेण्यावर बंदी असू शकते, तेव्हा ती विमानातच संपवावीत. ‘प्रथिनयुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वड्यांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण विचाराल असे वाटते म्हणून लिहितो: वेष्टनावरची घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तिनांत साखर किंवा कोणताही पाक असेल तर ती वडी म्हणजे चॉकलेटच आहे, फक्त जास्त किमतीचे.

रात्रीच्या जेवणाबद्दल मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तुमचे सात किलो बहुतांशी तिथूनच आले असावेत. ग्राहकांबरोबरचे जेवण हे कामच असते आणि तिथे ‘मी हे खात नाही, ते खात नाही’ असे सांगत बसणे अवघड होते, हे मी समजू शकतो. पण समोरच्यांचे लक्ष तुम्ही काय खाता याकडे नसते. तुम्ही खाता की नाही, याकडे असते. रिकामी ताटली दिसली की आग्रह सुरू होतो. म्हणून ताटलीत नेहमी काहीतरी असू द्या आणि ते सावकाश खा. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात; सूप किंवा कोशिंबिरीने सुरुवात केली तर ही मिनिटे स्वस्तात निघून जातात. प्रत्येकाने आपापले मागवायचे असेल तर सर्वांत आधी तुम्ही मागवा, म्हणजे इतरांचे ऐकून मन बदलणार नाही. आणि घरून निघतानाच स्वतःशी एक ठरवून टाका: तळलेले सुरुवातीचे पदार्थ, मद्य आणि शेवटचे गोड, या तिनांपैकी आज एकच. कोणते, ते तिथे गेल्यावर ठरवायला हरकत नाही. मद्य घेत असाल तर एवढे ध्यानात असू द्या की एका ग्रॅम अल्कोहोलमध्ये सात कॅलरी असतात, म्हणजे साखरेच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय ते झोप तुकड्यातुकड्यांची करते, आणि झोपेचे काय होते ते वर आलेच आहे.

सगळीच बारा जेवणे अशी असतात का, हेही एकदा मोजून पाहा. मी अनेकांना मोजायला लावले आहे, आणि खरोखर ग्राहकांबरोबरची जेवणे निम्मीदेखील निघत नाहीत. उरलेल्या रात्री माणूस एकटाच असतो आणि दमलो आहोत म्हणून तेच जेवण खोलीवर मागवतो. त्या रात्रींना कोणाचाही आग्रह नसतो.

पाणी, मीठ आणि कॉफी यांबद्दल थोडक्यात. विमानाच्या आतली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्या खाली. त्यामुळे घसा-डोळे सुकतात आणि तहान व भूक यांची गल्लत होते. आतला हवेचा दाब 1,800 ते 2,400 मीटर उंचीवर असावा तितका ठेवलेला असतो आणि त्या दाबाला पोटातला वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. म्हणून उड्डाणाआधी फेसाळ पेये आणि भरपूर कडधान्ये नकोत. विमानात जेवण मिळमिळीत लागते, त्याचे कारण दर वेळी स्वयंपाकी नसतो. कॉर्नेल विद्यापीठात 2015 साली झालेल्या प्रयोगात विमानाइतक्या मोठ्या आवाजात गोड चव मंदावते आणि टोमॅटोसारख्या पदार्थांतली उमामी (रुचकर, रश्श्यासारखी) चव मात्र वाढते, असे आढळले. मिळमिळीत लागले म्हणून वरून मीठ घालून घेण्याआधी हे आठवावे; प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाच्या चमचाभराच्या आत, ही मर्यादा बाहेरच्या एका जेवणातही ओलांडली जाऊ शकते. कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश सुमारे पाच तासांनीही शरीरात असतो, तेव्हा दुपारी दोन-तीननंतरची कॉफी रात्रीच्या झोपेतून वजा होते.

बद्धकोष्ठतेचा उल्लेख तुम्ही केलेला नाही; लोक सहसा करत नाहीत. असेल तर औषधाआधी एवढेच करा की सकाळी वीस मिनिटे लवकर उठा. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल आपोआप सुरू होते, न्याहारीनंतर तर ती विशेष जोमाने होते. आणि नेमक्या त्या वेळी आपण गाडीत बसून संडासची भावना दाबत असतो.

आता बुटांकडे येऊ. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर काम करणाऱ्यांचा एक जुना अभ्यास आहे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1953 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. चालक आणि वाहक एकाच बसमध्ये, एकाच वाटेने, एकाच धुरात दिवस काढत. पण चालक बसून असत आणि वाहक दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटे फाडत. हृदयविकार वाहकांमध्ये कमी आढळला. दोघांच्या वजनात, अंगकाठीत फरक होते, ही शंका पुढे निघाली आणि मॉरिस यांनी तिचाही मागोवा घेतला. तरी हालचालीचा मुद्दा टिकून राहिला. मला हा अभ्यास आवडतो तो एवढ्यासाठी की वाहक काही व्यायाम करत नव्हते, त्यांच्याकडे व्यायामाचे बूटही नव्हते. प्रवास तोच होता, एकजण त्यात बसला आणि दुसरा हलता राहिला.

तुमचे बूट बाहेर का येत नाहीत, याचा विचार केला तर उत्तर आळस हे नाही. व्यायाम म्हणजे व्यायामशाळा, कपडे बदलणे, एक तास आणि नंतर आंघोळ, असे तुमच्या मनात पक्के बसले आहे. हे सारे जमवण्याइतका सलग वेळ दौऱ्यावर मिळत नाही, आणि पूर्ण जमणार नसेल तर मुळीच नको, असा निर्णय दर सकाळी होतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या, त्यांत आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम ही अपेक्षा ठेवली. पण प्रत्येक वेळचा व्यायाम किमान दहा मिनिटांचा असावा, ही जुनी अट काढून टाकली. पाच मिनिटांचे चालणेही हिशेबात धरले जाते. रोज दोन जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे चाललात तर आठवड्याची 140 मिनिटे तिथेच झाली.

आणि जेवणानंतरच, असे मी मुद्दाम म्हणतो. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या, 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या 41 रुग्णांना एकदा दिवसातून कधीही सलग तीस मिनिटे आणि एकदा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटे, असे दोन्ही प्रकारे चालायला सांगितले. जेवणानंतर चालण्याने भोजनोत्तर साखर सरासरी 12 टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्क्यांनी. तुम्हाला मधुमेह झालेला नाही, पण स्नायू वापरात असले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, ही क्रिया सर्वांच्याच शरीरात चालते. तेव्हा ग्राहकांबरोबरचे जेवण आटोपल्यावर हॉटेलच्या दाराशी गाडीतून उतरण्याऐवजी, परिसर सुरक्षित असेल तर, थोडे आधी उतरा. नसेल तर हॉटेलातल्या लांब बोळांतून किंवा जिन्याने चाला. त्यासाठी बूटही लागत नाहीत. विमानतळावर दारासमोरच्या खुर्चीत तासभर बसण्याऐवजी बॅग ओढत त्या टोकापासून या टोकापर्यंत फेऱ्या माराव्यात. लोक बघतात, पण ते तुम्हाला पुन्हा कधी भेटणार नसतात.

चालण्याने स्नायूंची ताकद मात्र राखली जात नाही आणि चाळिशीनंतर ती हळूहळू गळू लागते, म्हणून आठवड्यातून दोन दिवस तिच्यासाठी हवेत. येथे एक दिलासा आहे. कमावलेली ताकद टिकवायला कमावण्याइतके कष्ट पडत नाहीत. अमेरिकेतल्या अलाबामामधल्या 2011 सालच्या एका अभ्यासात लोकांना सोळा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस वजनाचे व्यायाम करायला लावले आणि नंतर त्यांतल्या काहींचा व्यायाम एक नवमांशावर आणला. साठी ओलांडलेल्यांमध्ये स्नायूंचा आकार थोडा उतरला, पण ताकद तरुणांप्रमाणे त्यांचीही बरीचशी टिकली. म्हणजे दौऱ्यात व्यायामशाळेची बरोबरी करायची नाही, फक्त सांभाळायचे आहे. खोलीत बारा मिनिटे काढा. खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्यापासून सुरुवात करून पुढे बैठका; भिंतीला किंवा टेबलाच्या कडेला हात लावून जोर, जमू लागले की जमिनीवर; आणि दाराच्या मुठीला रबरी पट्टा अडकवून तो छातीकडे ओढणे. पट्टा बुटांच्या दहाव्या हिश्शाचीही जागा घेत नाही. या तिन्हींचे तीन फेरे, दोन फेऱ्यांमध्ये थोडा दम. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांना कष्ट पडले पाहिजेत, नाहीतर त्याला कवायत म्हणावे लागेल. उड्यांचे व्यायाम खोलीत नकोत, हे मी स्वानुभवाने सांगतो: एकदा पहाटे पाच वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मी दोरीवरच्या उड्या सुरू केल्या आणि खालच्या खोलीतले गृहस्थ पाचव्या मिनिटाला दाराशी उभे होते. त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते.

हे बारा मिनिटांचे व्यायाम आंघोळीच्या आधी, झोपायच्याच कपड्यांत करावेत. बूट घरी ठेवा. ज्या दिवशी ते नसल्यामुळे खरोखर अडले असे वाटेल, त्याच्या पुढच्या दौऱ्यात न्या.

लांबच्या प्रवासात बसून राहण्याचा आणखी एक धोका असतो, तो म्हणजे पायातल्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा. चार तासांहून जास्त प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो, मग तो विमानाचा असो, गाडीचा असो की रेल्वेचा. निरोगी माणसाच्या बाबतीत दुप्पट होऊनही तो अशा सहा हजार प्रवासांमागे एक, इतकाच असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 सालच्या अहवालाचा अंदाज आहे. तेव्हा घाबरू नका, पण तासा-दोन तासांनी उठा आणि बसल्या जागी टाचा वर-खाली करा, कारण शिरांतले रक्त हृदयाकडे ढकलण्याचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. पूर्वी गुठळी झाली असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर दाबाचे मोजे घालण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवावे. धाप लागली किंवा छातीत दुखले तर तत्काळ.

पोट बिघडल्यास त्या दिवशी वरचे सगळे नियम गुंडाळून ठेवा. क्षारसंजीवनीची (ओआरएसची) पुडी बॅगेत असावी. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट घ्यावे. अशा वेळी साखरेचा धाक धरू नये, क्षार आतड्यात शोषले जायला तीच लागते. ताप किंवा रक्त दिसले तर डॉक्टर गाठावा.

राहिला वजनकाटा. नेऊ नका. बाहेरच्या खारट जेवणाने आणि दिवसभर बसण्याने अंगात पाणी साठते. स्नायूंत साठवल्या जाणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साखरेच्या साठ्याबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी असते, आणि त्यामुळे दोन दिवसांत काटा किलो-दीड किलो इकडे-तिकडे सहज होतो. तो आकडा चरबीचा नसतो, पण तो पाहून तुम्ही पुन्हा उपाशी राहाल. वजन घरच्याच काट्यावर, आठवड्यातून एकदा, सकाळी शौचानंतर आणि न्याहारीपूर्वी करा, आणि दौऱ्यावरून परतल्याच्या दुसऱ्या दिवशी करू नका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी करा. एचबीए1सी तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या. लाल रक्तपेशींचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे असते आणि ही तपासणी त्यांच्यावरच्याच साखरेची असल्यामुळे त्याआधी बदल नीट दिसत नाही. त्या तीन महिन्यांत तुमचे साधारण छत्तीस दिवस दौऱ्यावर जातील. त्यांतल्या किती संध्याकाळी सहाचे खाणे खाल्ले आणि किती रात्री जेवून चाललात, एवढ्या दोनच गोष्टी वहीत मांडून ठेवा, आणि तपासणीचा कागद आला की तो त्या वहीसह डॉक्टरांपुढे ठेवा.